शेकोटी कुणासाठी?

(त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंडीच्या निफाड मुक्कामी झालेल्या कीर्तनातून)

बसा माऊली, सरकून बसा. आज एकमेकांना चिकटून बसायला कुणी काही म्हणणार नाही. मागच्या आजी, तुम्ही पुढं या. इथं भिंतीचा आडोसा आहे. टाळकऱ्यांची बोटं आखडलीत, मला दिसतंय. पखवाजाच्या शाईलासुद्धा आज गारवा लागलाय. तरी पण भजन काय झकास झालं! विठ्ठल विठ्ठल.

आपण चाललो आहोत निवृत्तिनाथांच्या भेटीला. पौष वद्य एकादशीची ही वारी. आषाढीच्या वारीत पावसाची परीक्षा असते, पौषवारीत थंडीची. आणि त्यात मुक्काम पडला निफाडात! थंडीनं राज्यात कुठंही जावं, पण घर करावं ते निफाडात. इथं कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथं रोज पारा मोजतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. तो आठवडा इथल्या लोकांना अजून आठवतो. सकाळी दहापर्यंत बाजारपेठ उघडत नव्हती. चहाच्या टपरीवर लोक चहा प्यायच्या आधी नुसता पेला हातात धरून उभे राहायचे.

एवढी थंडी येते कुठून? उत्तरेकडं हिमालयात बर्फ पडतो, तिकडून कोरडा वारा सुटतो. आभाळ निरभ्र असतं. ढग म्हणजे धरणीमायेची गोधडी. ती गोधडी नसली की दिवसभराची ऊब रात्री वर निघून जाते. गार हवा जड, ती खोलगट जागी, नदीकाठी साचून राहते. आणि सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो बरं का, तो असतो पहाटे, उजाडायच्या तोंडावर. रात्र काढलेल्या माणसाला हे विचारा. तो सांगेल, दिवस उगवायच्या आधीची घटकाच जड जाते.

आता गंमत बघा. ही थंडी पडली की गहूवाला शेतकरी हात जोडतो. गव्हाला थंडी म्हणजे अमृत. फुटवे चांगले येतात, दाणा भरतो. हरभऱ्यालाही ती मानवते. आणि त्याच बांधाच्या पलीकडं द्राक्षवाला देवाला म्हणतो, बाबा रे, आवर आता! मण्यांची फुगवण थांबते. गारठलेल्या मण्यावर सकाळी एकदम ऊन पडलं की साल तडकते. पांढऱ्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात, भाव पडतो. आणि इथून जवळच नांदूरमधमेश्वरला जा. हजारो कोस उडून पाखरं आलेली दिसतील. आपण ज्या थंडीला भितो, ती त्यांना ऊबदार वाटते म्हणून तर ती आली!

थंडी एकच. मग देवानं ऐकायचं कुणाचं? गव्हाचं, द्राक्षाचं की पाखराचं? म्हणून सांगतो, देवाला हवामानाचा हिशेब मागू नका. थंडी त्याच्या हातातली. शेकोटी आपल्या हातातली. ती कुणासाठी पेटवायची, एवढाच हिशेब आपल्याकडं मागितला जाईल.

हे मी पोथीतून सांगत नाही. माझ्याकडून झालेली एक चूक आज तुमच्यासमोर सांगतो. गादीवर उभं राहून खोटं बोलायचं नाही, आणि खरं असेल ते लपवायचंही नाही.

मी तेव्हा पंचविशीचा. घरची दोन एकर द्राक्षबाग. पौषातच असा आठवडा आला. आठवडाभर रात्री शेकोट्या. बागेच्या कडेनं भुसा, ओला पालापाचोळा पेटवायचा, धूर बागेवर पसरवायचा. पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, कारण त्या वेळी विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. आणि घडाघडाला कागद गुंडाळायचा. जुनी वर्तमानपत्रं किलोवर आणायची आणि एकेका घडाला बाळाला आंगडं घालावं तसं जपून गुंडाळायचं. बँकेचं कर्ज होतं, बहिणीचं लग्न ठरलं होतं. सगळं त्या घडांवर.

कागद लावायला सुरगाण्याकडची मजूर मंडळी आली होती. बागेच्या टोकाला ताडपत्रीचं पाल ठोकून राहिली होती. त्यात एक बाई, तिच्या कडेला पाच-सहा महिन्यांचं लेकरू. चौथ्या रात्री तिचा नवरा माझ्याकडं आला. म्हणाला, “भाऊ, कडेची एक शेकोटी पालाकडं नेऊ का? पोरगं लई कुडकुडतंय.”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आज रात्र जाऊ दे. धूर बागेवरच राहायला पाहिजे. उद्या बघू.”

तो काही बोलला नाही. मान डोलावली आणि गेला.

पहाटे आई बागेत आली, आम्हाला चहा घेऊन. वाटेत पाल. तिनं आत डोकावलं आणि तिथूनच मला हाक मारली. तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. लेकरू गार पडलं होतं, रडत नव्हतं. आईनं त्याला स्वतःच्या लुगड्याच्या आत छातीशी धरलं आणि मला म्हणाली, “काढ मोटारसायकल.” दवाखान्यात नेईपर्यंत मला थंडी वाजली नाही, माऊली. घाम फुटला होता.

पांडुरंगाची कृपा, लेकरू वाचलं. छातीत कफ भरला होता, सहा दिवस दवाखान्यात होतं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, “घडाला कागद गुंडाळलास रे. लेकराला काय गुंडाळलंस?”

त्या वर्षी बाग वाचली. भावही चांगला मिळाला. पण त्या पैशाचा घास मला कधी गोड लागला नाही.

आपण ज्यांच्या भेटीला निघालो, त्या घरातली कथा आठवा. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई परळ आणायला कुंभारवाड्यात गेली. विसोबांनी कुणाला देऊ दिलं नाही. पोर रडत घरी आली. तेव्हा ज्ञानोबारायांनी काय केलं? जठराग्नी चेतवला, पाठ तापवली आणि म्हणाले, भाज मुक्ताई! आपण ऐकतो आणि चमत्कार म्हणून टाळी वाजवतो. चमत्कार असेलच. पण मला त्यात एवढं दिसतं, की घरात चूल नव्हती तेव्हा भाऊ स्वतःच चूल झाला. आणि माझ्याकडं तर पंधरा शेकोट्या पेटलेल्या होत्या. एक सरकवायची होती.

गाडगेबाबा आठवा. अंगावर चिंध्यांची गोधडी. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी घर बांधलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला, ऐन थंडीच्या दिवसांत, प्रवासातच देह ठेवला. त्यांच्या धर्मशाळांत आजही कुणी ना कुणी पाठ टेकत असेल.

तेव्हापासून आमच्या बागेत एक नेम आहे. पहिली शेकोटी पालापाशी पेटते, मग बागेला. बागेचं त्यामुळं कधी काही कमी झालं नाही.

आज तुमच्याकडं एवढंच मागतो. दिंडीतल्या प्रत्येकानं झोपण्याआधी एकदा उठून बघा, कडेला कोण झोपलंय. म्हातारं माणूस कडेला असेल तर त्याला मधे घ्या, तुम्ही कडेला व्हा. गावकरी मंडळी, स्टँडवर, बाजारओट्यावर, ऊसतोडीच्या कोप्यांवर एक चक्कर मारा. जादाचं घोंगडं घेऊनच जा. आणि एक सांगतो, मनावर घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, झोपेत जीव घेतो. शेकायचं ते उघड्यावर, चार जणांत. शेकोटी तशी चार जणांचीच असते.

पहाटे उजाडायच्या तोंडावर जड जाईल, तेव्हा नाव घ्या. आणि शेजारच्यालाही घ्यायला लावा.

बोला, पुंडलीक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! निवृत्तिनाथ महाराज की जय!