गळाची कुळकथा
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या आजोबांच्या पश्चात घराच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा उरला होता. त्यात त्यांचे मासेमारीचे जुने गळ होते. तो डबा आम्ही मोडीच्या भावाने विकून टाकला. जन्मभर मुलांना इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हातून हे घडावे, याची खंत आम्हांस आजही आहे. त्या गळांचे ऋण अंशतः तरी फेडावे, म्हणून हे चार शब्द.

जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत समुद्री गोगलगाईच्या शंखाचे गळ सापडले. ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे शेती ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी मनुष्य गळ घासून घडवीत होता!

परंतु शंख व हाड ठिसूळ. ही उणीव धातूने भरून काढली. सिंधूकाठच्या मोहेंजोदडो येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे गळ मिळाले आहेत. मासा सुटू नये म्हणून टोकाशी उलटा काटा, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या अंगास वळवून केलेले नेढे! या दोन युक्त्या आजच्या गळातही आहेत. त्या योजणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही ग्रंथात नाही.

संस्कृतात गळास 'बडिश' म्हणतात. सुश्रुतसंहितेत शस्त्रवैद्याच्या उपकरणांतही 'बडिश' आहे. कोळ्याच्या हत्याराचे नाव वैद्याच्या पेटीत मानाने जाऊन बसले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे इंग्लंडातील रेडिच गावच्या सुया करणाऱ्यांनी गळ करण्यास आरंभ केला. पोलादी तार तीच, तापवून पाणी देण्याची कृतीही तीच. १८७७ पासून नॉर्वेतील मुस्ताद कंपनी यंत्राने गळ काढू लागली. यंत्राचे गळ स्वस्त व एकसारखे. हाताने घडविलेल्या गळांत मात्र दोन कधी तंतोतंत सारखे नसतात. कारागिराचा हात त्यांत दिसतो.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे गंजलेले गळ असतील. ते मोडीत घालू नका. कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या माशासाठी वापरीत, एवढे वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा व ती गळासोबत ठेवा. आम्ही विचारले नाही. आता सांगणारेही राहिले नाहीत. आमची चूक आपण करू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.