पेरणीआधी ट्रॅक्टरच्या रेडिएटरची गळती थांबवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



सस्यशास्त्राच्या माणसाने रेडिएटरवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु वेळेवर पेरणी हा आमच्याच विषयाचा पाया आहे. खरिपात ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन काळ्या जमिनीला वापसा आला, की हाती मोजकेच दिवस असतात. नेमका तेव्हाच ट्रॅक्टर तापून बांधावर उभा राहिला, तर बियाणे, खत, मजूर सारेच खोळंबते.

पुष्कळजण रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतून कामाला लागतात. रोज पाणी कमी होत असेल, तर ते कोठेतरी जातेच आहे. वरून पाणी ओतल्याने गळती फक्त झाकली जाते. मग भर उन्हात रोटाव्हेटर चालू असताना पाणी संपते, इंजिन तापते, हेड वाकते, गास्केट जळते. साध्या क्लिपपायी इंजिन उघडण्याची पाळी येते.

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो. ७ पौंड दाबाच्या झाकणाखाली पाणी सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच ते उसळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

गळती अशी शोधा

इंजिन थंड असताना रेडिएटर धुऊन, पुसून कोरडा करा. खाली कोरडा पुठ्ठा ठेवून इंजिन चालू करा आणि पंख्यापासून दूर राहून पाहा. पांढरे, हिरवे किंवा तांबूस डाग ही गळतीची खूण होय. पुढील जागा क्रमाने तपासा.

१. वरची व खालची रबरी नळी : क्लिप सैल असल्यास आवळा. नळी फुगलेली किंवा चिरलेली असल्यास बदला.

२. झाकण : रबर खराब झाल्यास पाणी बाजूच्या बारीक नळीने निघून जाते. त्याच दाबाचे नवे झाकण बसवा.

३. पाण्याचा पंप : त्याच्या खालच्या छिद्रातून पाणी ठिबकत असल्यास आतील सील गेले आहे. छिद्र बुजवू नका, पंप दुरुस्त करा.

४. जाळी व टाक्यांचे सांधे : तांबे-पितळेच्या रेडिएटरला कारागीर डाख देऊ शकतो. प्लास्टिकच्या टाकीला डाख लागत नाही; ॲल्युमिनियमलाही साधा डाख धरत नाही. तेथे बहुधा भाग बदलणेच हिताचे. दुरुस्तीनंतर रेडिएटर पाण्यात बुडवून, हवेचा दाब देऊन बुडबुडे येतात का, ते समोर तपासून घ्या.

बाहेर थेंबही दिसत नाही आणि पाणी मात्र घटते, अशा वेळी डिपस्टिक पाहा. तेल दुधाळ दिसल्यास पाणी इंजिनात उतरत आहे. ट्रॅक्टर चालवू नका, मिस्त्री बोलवा.

शेतात नळी फुटल्यास

इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. फाट टोकाला असेल तर तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा बसवा. मध्ये असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. पाणी भरून, ट्रॅक्टरवर भार न घेता, काट्यावर लक्ष ठेवून हळू घरी आणा. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. बारीक छिद्र त्याने तात्पुरते बुजतेही. पण तोच गाळ जाळीच्या अरुंद नळ्यांत बसतो आणि इंजिन अधिक तापू लागते.

पुन्हा गळू नये म्हणून

विहीर-बोअरच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर बसतो. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि डब्यावरील प्रमाणात कूलंट वापरा. कूलंट गंजही रोखते. मळणीनंतर जाळीतील भुसा इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा मारून काढा. एक गोष्ट विसरू नका : बहुतेक कूलंट विषारी व चवीला गोड असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा ओढ्यात सांडू नका. झाकणाच्या डब्यात, मुले व जनावरांपासून दूर ठेवा.

बियाण्याची उगवणक्षमता आपण पेरणीपूर्वी तपासतो. त्याच आठवड्यात अर्धा तास रेडिएटरसाठी काढा, म्हणजे वापशाचा दिवस वाया जाणार नाही.