फुकट सल्ल्याची किंमत



विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कर्जाविषयी आज बोलावयाचे आहे, असे आम्ही एका स्नेह्यांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "यात नीतीचा प्रश्न कोणता? घेतले ते फेडावे, संपले!" घेणाऱ्याची नीती इतकी सोपी आहेच, आणि आपल्याकडील मध्यम स्थितीतला माणूस ती पाळण्यात सहसा कसूर करीत नाही. परंतु घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. कोणत्या दाराशी जावे, हे विद्यार्थ्याला तोच सांगतो. आजचे आमचे बोलणे त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे.

हा माणूस ओळखावयाचा तर प्रथम अमेरिकेत जावे लागते. कारण विद्यार्थ्यांच्या कर्जाचा व्यवहार तेथे जितका मोठा झाला तितका क्वचितच कोठे झाला असेल. १९५७ साली रशियाने आकाशात उपग्रह सोडला. त्या धसक्याने अमेरिकेने १९५८ साली कायदा करून विद्यार्थ्यांना सरकारी पैशातून अल्प व्याजाने कर्जे देण्यास आरंभ केला. १९६५ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याने निराळी वाट काढली. पैसा खाजगी बँकांनी द्यावा, आणि विद्यार्थ्याने बुडविला तर सरकारने भरून द्यावा. हेतू चांगला होता. गरिबाच्या मुलाला तारणावाचून कोण पैसे देणार? पण परिणाम असा झाला, की व्याज सावकाराचे आणि धोका बहुतांशी सरकारचा. असा धंदा कोणाला नको असेल?

मग सावकारांची चढाओढ लागली. ती विद्यार्थ्याच्या दाराशी लागली असती तर विद्यार्थ्याचे भलेच झाले असते. ती लागली कॉलेजच्या कचेरीत. प्रत्येक कॉलेजात अर्थसाहाय्याचा एक विभाग असतो, आणि तेथील अधिकारी पसंतीच्या सावकारांची एक यादी विद्यार्थ्याच्या हाती देई. अठरा वर्षांचे पोर आणि त्याचे गोंधळलेले आईबाप त्या यादीबाहेर कशाला जातील? यादीत नाव आले की गिऱ्हाईक आपोआप आले.

२००७ साली न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी या याद्यांची चौकशी केली. कित्येक कॉलेजांना सावकाराकडून कर्जाच्या प्रमाणात वाटा मिळत होता. अधिकाऱ्यांना भेटी आणि सहली मिळत होत्या. काही ठिकाणी तर विद्यार्थ्याने कॉलेजला दूरध्वनी केला, की पलीकडून कॉलेजच्या नावाने सावकाराचाच नोकर बोले. कोलंबिया विद्यापीठातील एका अधिकाऱ्याजवळ कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या मूळ कंपनीचे समभाग निघाले, आणि त्या कंपनीचे नाव विद्यापीठाच्या यादीत होते. विद्यापीठाने त्याला काढून टाकले आणि तडजोडीदाखल अकरा लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले.

कोणी म्हणेल, थोडी दलाली खाल्ली, त्यात एवढे काय? दलालाने दलाल म्हणून दलाली घेतली तर आमची तक्रार नाही. बैलबाजारातही दलाल असतो, आणि तो दलाल आहे हे सर्वांना ठाऊक असते. येथे तो गुरुजींच्या वेषात बसला होता. शिवाय हे ऋण साधे नव्हे. तेथे दिवाळे काढून इतर देण्यांतून सुटता येते. विद्यार्थ्याच्या कर्जातून सुटण्याची वाट १९७६ पासून अरुंद होत गेली, आणि २००५ नंतर बहुतेक खाजगी कर्जांनाही तोच नियम लागला. आज तेथे सरकारी कर्जाचीच बाकी १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. ज्या ऋणातून सुटका इतकी कठीण, त्याच्या उंबरठ्यावर बसणाऱ्या सल्लागाराचे इमान किती चोख हवे!

२००८ च्या कायद्याने अशा भेटी आणि वाटे बंद केले, आणि २०१० पासून नवी सरकारी कर्जे सरकार स्वतःच देते. तरी रोग पुरता हटला नाही. कॉलेज विद्यार्थ्याला साहाय्याचे पत्र पाठविते त्यात देणगी आणि कर्ज शेजारी शेजारी मांडून खाली एकच बेरीज देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. कर्जाला "साहाय्य" म्हणणे, हे उधारीला आहेर म्हणण्यासारखे आहे. अमेरिकन सरकारच्याच लेखातपासणी कचेरीने २०२२ साली असा अंदाज दिला, की शेकडा ९१ कॉलेजे खिशातून खरोखर किती जाणार तो आकडा पत्रात सांगत नाहीत, किंवा कमी करून सांगतात.

कोलंबियाचे नाव निघाले की मराठी माणसाला दुसरीच गोष्ट आठवते. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. अट कडक होती, पण उघड होती. कोण देतो, किती देतो, बदल्यात काय घेतो, हे कागदावर होते. १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या बडोद्यात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. पारशी खानावळीतूनही त्यांना हुसकून लावले, आणि काही दिवसांतच त्यांना परतावे लागले. करार उघड असला तरी देणाऱ्याचे कर्तव्य पैसे मोजून संपत नाही, एवढे यावरून आम्हाला दिसते. ज्याला बोलावले त्याला राहता येईल अशी व्यवस्था करणे, हेही देण्यातच येते.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडे इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे तीत ठरले. परदेशी शिक्षणाचा खर्च याच्या कितीतरी पट. म्हणून घर गहाण पडते, शेत गहाण पडते, आणि बापाची सही सहकर्जदार म्हणून होते. आणि तो तिसरा माणूस? तो आता शहरोशहरी कचेरी थाटून बसला आहे. दारावर पाटी असते, "सल्ला विनामूल्य". परदेशातील पुष्कळ विद्यापीठे दर विद्यार्थ्यामागे अशा कचेऱ्यांना दलाली देतात. कर्ज देणाऱ्या कंपन्याही देतात. यात बेकायदा काही असेलच असे नाही. पण आईबापांना हे कोणी सांगत नाही.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक मुलीला घेऊन अशाच एका कचेरीत गेले होते. सल्लागाराने पाच विद्यापीठांची यादी पुढे ठेवली. गुरुजींनी चष्मा पुसला आणि विचारले, "यांतल्या प्रत्येकाकडून आपल्याला काय मिळते?" तो तरुण प्रथम बावरला. मग दार लोटून घेऊन म्हणाला, "सर, खरे सांगू? तुमच्या मुलीला आणखी एक विद्यापीठ योग्य आहे. फीही कमी आहे. पण ते आम्हाला काही देत नाही, म्हणून यादीत नाही." मुलीने त्याचे नाव विचारून वहीत लिहून घेतले.