लोकसहभाग आणि बिनपगारी श्रम



माता-बालकांच्या आरोग्याची चर्चा निघाली की 'लोकसहभाग' हा शब्द सरकार, जागतिक बँक आणि स्वयंसेवी संस्था अशा सर्वांच्याच तोंडी असतो. ज्या शब्दावर एवढे एकमत होते त्याकडे समाजवादी कार्यकर्त्याने जरा संशयानेच पाहिलेले बरे. सहभाग कोणाचा, कोणत्या निर्णयात आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

नगर जिल्ह्यातील जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. दवाखाना घेऊन आलेल्या या दांपत्याकडे गावकऱ्यांनी मागितले ते पाणी आणि अन्न. अवर्षणाचा तो काळ होता. आधी पाणी आणि पोरांच्या तोंडी घास, मग औषध, असा क्रम लागला. गावाने निवडलेल्या आरोग्यसेविका बहुतांशी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. जोखमीची गर्भवती ओळखणे, स्वच्छ बाळंतपण, बालकाचे नियमित वजन, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी एवढे त्या शिकल्या. आणि एरवी ज्या घरांचा उंबरा त्यांना वर्ज्य होता, तेथे बाळंतिणीच्या उशाशी बसू लागल्या. बालमृत्यू झपाट्याने घटले. जातीच्या उतरंडीला धक्का दिल्याशिवाय हे घडते ना. सरकारी अहवालांत मात्र असे सारे 'जनजागृती' या गुळगुळीत शब्दाखाली दडून जाते.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. नवजात बालकाला ऊब, स्तनपानाला मदत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन, असे ते काम. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.

वाद आहे तो यापुढचा. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव 'आशा' नेमली. अपरात्री गर्भवतीला रुग्णालयात नेणारी, लसीकरणाला पोरे गोळा करणारी, बाळंतिणीच्या घरी वारंवार खेपा घालणारी ही बाई शासनदरबारी 'स्वयंसेविका' आहे. म्हणून तिला किमान वेतन लागू नाही. मोबदला मुख्यतः कामागणिक. विडी कामगारांच्या चळवळीत वावरलेल्यांना ही पद्धत नवी वाटू नये. तेथे हजार विड्यांवर मजुरी, येथे बाळंतपणावर. २०१३ च्या ४५व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांतील अशा कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवाच्या बातम्या छापून आल्या. शिफारस कागदावरच राहिली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तो पल्ला गाठला गेला नाही. जो भार अर्थसंकल्पाने उचलायचा, तो गरीब बाईच्या दिवसावर आणि रात्रीवर ढकलला गेला, आणि या ढकलण्यालाच सहभाग म्हटले गेले.

खऱ्या सहभागाचा नमुना महाराष्ट्रातच आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी आरोग्यकेंद्राची प्रगतिपुस्तके भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उभे करून औषधे का नाहीत, बाळंतिणीकडून पैसे का घेतले, हे विचारले. डॉक्टरांना ते रुचले नाही, हे उघडच आहे. पण जेथे लोक हिशेब मागतात, तेथे परिचारिका वेळेवर येते.

गावच्या आरोग्य व पोषण समितीला मुक्त निधी मिळतो, त्याचा खर्च समितीने ठरवायचा असतो. पुष्कळ गावांत समितीच्या सभासद बायांना आपण सभासद आहोत हेच ठाऊक नसते. सह्या मात्र घरपोच होतात. पक्षाच्या शाखांनी येत्या ग्रामसभेत या निधीची वही वाचून दाखवण्याची मागणी करावी, आणि त्याच सभेत आशांच्या किमान वेतनाचा ठराव मांडावा. ठराव मांडायला गावातली आशाच उभी राहिली तर उत्तम. फक्त तिच्या मागे उभे राहायला माणसे हवीत.