पानांची साक्ष



झाड आपले दुखणे पानांवर लिहिते. धुरातील सल्फर डायऑक्साइड पर्णरंध्रांतून आत शिरला, की शिरांमधील हिरवा भाग फिकटतो. फ्लोराइड टोकाशी व कडांशी साठून पान करपवते. करपलेल्या पानाची अन्ननिर्मिती घटते आणि फळ उणावते. उत्तर भारतात वीटभट्ट्यांच्या धुराने दशहरी आंब्याच्या फळाचेच टोक काळे पडते.

झाडाला स्थलांतर करता येत नाही. आणि त्याच हवेत आपली मुलेही श्वास घेतात.

या शाळेचे अनेक विद्यार्थी आज कारखान्यांत अभियंते, व्यवस्थापक आहेत. हीरक महोत्सवानिमित्त त्यांच्याकडे एकच गुरुदक्षिणा मागते: धूर शुद्ध करणारी यंत्रणा रात्रीही, तपासनीस येणार नसतानाही, चालू ठेवा.