खूण करा, पुसू नका



"सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे नक्की काय करतेस?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर म्हणून एक गोष्ट सांगते. ती घडली आपल्या डोक्यावर, विमानं उडतात त्याहूनही उंच.

तिथली हवा बाटलीत भरून आणायला उपग्रह काही खाली येत नाही. २००४ साली नासाने सोडलेल्या 'ऑरा' उपग्रहावरचं एक उपकरण ७०५ किलोमीटरवरून पृथ्वीच्या कडेकडे, हवेच्या थरांतून आडवं पाहू लागलं. ओझोन, पाण्याची वाफ, क्लोरिनची संयुगं, प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या कंप्रतेवर अगदी क्षीण सूक्ष्मलहरी सोडतो. जणू प्रत्येकाचं वेगळं रेडिओ केंद्र! ऑक्सिजनचं हवेतलं प्रमाण आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याच्या लहरींवरून तापमान काढतात.

म्हणजे उपग्रह फक्त लहरी मोजतो. ओझोनचा किंवा तापमानाचा आकडा काढतं ते सॉफ्टवेअर. आणि कोणता आकडा विश्वासाचा, कोणता संशयाचा, हेही पहिल्यांदा तेच ठरवतं. आमच्या जमातीची जबाबदारी इथे सुरू होते.

१९७८ साली सोडलेला 'निंबस-७' उपग्रह हवेतून परत येणाऱ्या अतिनील किरणांवरून ओझोन मोजायचा. १८० डॉब्सन एककांहून कमी ओझोन तोवर कुठेच दिसला नव्हता. म्हणून त्याखालच्या आकड्यांवर सॉफ्टवेअर 'संशयास्पद' अशी खूण करी. १९८५ साली, आपण बालवाडीत होतो तेव्हा, फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावर जमिनीवरून घेतलेली मोजमापं प्रसिद्ध केली. तिथल्या वसंत ऋतूत ओझोन भलताच घटत होता. संगणकाने ओझोनचं छिद्र फेकूनच दिलं होतं, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते खरं नाही. खुणेचे आकडे जपून ठेवलेले होते आणि शास्त्रज्ञ ते तपासतही होते. त्यांतूनच नकाशे तयार झाले आणि छिद्र अख्ख्या खंडाएवढं असल्याचं जगाला दिसलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. ते आकडे खरंच पुसले असते, तर हे नकाशे कशावरून काढले असते?

जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्रातल्या ज्वालामुखीने पाण्याची प्रचंड वाफ वर फेकली. स्थितांबरातली वाफ सुमारे १० टक्क्यांनी वाढली. 'ऑरा'चे आकडे इतके जगावेगळे आले की शास्त्रज्ञांनी ते बारकाईने तपासले आणि मगच स्वीकारले.

हा नियम मला नोकरीत नवा नव्हता. आपल्या प्रयोगशाळेत सांगितलं जायचं, "आकडा चुकीचा वाटला तर खोडरबर नको. एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे." तेव्हा वही घाणेरडी दिसते म्हणून आपण कुरकुरायचो. आज रक्ततपासणीपासून पावसाच्या नोंदीपर्यंत सगळं सॉफ्टवेअरमधून जातं. साच्यात न बसणारा आकडा गुपचूप गाळणं फार सोपं असतं, आणि गाळलेला कुणाला दिसतही नाही. म्हणून माझ्या हाताखालच्या मुलांना मी तेच सांगते: खूण करा, पुसू नका.

सर, बाई, ती रेघ तुम्ही शिकवलीत.