दहावी-बारावीनंतर काय? आधी कागद ओळखा, मग पैसे भरा
(विभागीय मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, बदल्या, क्वार्टर या विषयांवर इथे बरेच बोलून झाले. मी वेगळा विषय घेतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या युनियन ऑफिसात गर्दी होते. मुलाला कुठे घालायचे, मुलीला काय शिकवायचे, हे विचारायला लोक येतात. मी स्वतः मॅट्रिक. पण भरतीच्या जाहिराती वाचण्यात आणि नामंजूर झालेल्या अर्जांची भांडणे लढण्यात बरीच वर्षे गेली. त्यातून जे कळले ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी की प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी हे तीन वेगळे कागद आहेत. प्रत्येकाचे दार वेगळ्या नोकरीत उघडते.

प्रमाणपत्रात आपल्याला सर्वांत जवळचा म्हणजे आयटीआय. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक असे ट्रेड, मुदत सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत दहावीबरोबर ठराविक ट्रेडचा आयटीआय चालतो. आयटीआयनंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागता येते. रेल्वेत ज्यांनी ही शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली आहे, त्यांच्यासाठी लेव्हल-१ च्या थेट भरतीत २० टक्के जागा ठेवलेल्या आहेत. पण अप्रेंटिस झाला म्हणजे नोकरी पक्की, असे कायदा म्हणत नाही. याच प्रश्नावर २० मार्च २०१८ रोजी मुंबईत माटुंगा-दादर दरम्यान पोरे रुळावर उतरली होती, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा अप्रेंटिसशिप जरूर करावी, पण त्याबरोबर पुढचा अभ्यास चालू ठेवावा.

दुसरा कागद पदविका, म्हणजे डिप्लोमा. पॉलिटेक्निकची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेल्याला नियमानुसार थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की इंजिनियरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. रेल्वेत ज्युनियर इंजिनियर व्हायचे तर ही पदविका किंवा त्या विषयातली पदवी पाहिजे. मुलींच्या बाबतीत एक सांगतो. बारावीनंतर जीएनएम नर्सिंगची पदविका तीन वर्षांची, डी. फार्मसी दोन वर्षांची. दोन्हींना देशभर मागणी आहे.

पण ‘डिप्लोमा’ या शब्दाला भुलू नका. आपल्याच एका ट्रॅकमन बांधवाने पीएफमधून पैसे काढून मुलाला एका खाजगी संस्थेत वर्षभराच्या ‘ॲडव्हान्स डिप्लोमा’ला घातले. मुलगा हुशार, ज्युनियर इंजिनियरची लेखी परीक्षा पास झाला. कागदपत्रांच्या तपासणीत नाव कटले, कारण त्या डिप्लोमाला कोणत्याही तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता नव्हती. संस्थेने फी परत केली नाही. मुलाचे वर्ष गेले आणि बापाचा पीएफही गेला.

तिसरा कागद पदवी. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांची. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची ऑनर्स पदवीही आली आहे. मधेच शिक्षण सोडावे लागले तर एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशी सोय धोरणात आहे. ही दोन वर्षांची पदविका आणि पॉलिटेक्निकची पदविका एक नव्हे, हे ध्यानात ठेवा. स्टेशन मास्तर, मालगाडीचा मॅनेजर यांना पदवी लागते. कमर्शियल-कम-तिकीट क्लार्क बारावीवर होता येते. टपालात ग्रामीण डाक सेवक दहावीच्या गुणांवर घेतात.

आता तुमच्यासाठी. ड्यूटी सांभाळून शिकायचे तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र इंजिनियरिंग पत्राद्वारे शिकवतो असे कोणी म्हणाले तर सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर कडक भूमिका घेतली आणि नोकरीत असलेल्यांच्याही पदव्या अडचणीत आल्या. प्रवेश घेण्याआधी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

पैशाचे बोलतो. मुलांचा शिक्षण भत्ता बारावीपर्यंत, हे सर्वांना माहीत आहे. पण मूल दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेले आणि त्याच्या अकरावी-बारावीसाठी भत्ता घेतलेला नसेल, तर त्या कोर्सच्या पहिल्या दोन वर्षांना तो मिळतो. कित्येकांनी हा अर्जच केलेला नाही. रेल्वेत स्टाफ बेनिफिट फंडातून तांत्रिक शिक्षणाला शिष्यवृत्ती आहे, टपालातही कल्याण निधीतून आहे. मुदत बघून अर्ज टाका.

इटारसी, हुबळी, सिकंदराबाद, भिलाईकडे नोकरी करणाऱ्या मराठी बांधवांनी एक करावे. महाराष्ट्रात प्रवेश हवा असेल तर आईवडिलांचा अधिवास आणि नेमणुकीचे ठिकाण यांचे नियम वेगळे आहेत. दाखले निकालाच्या आधी काढून ठेवा. निकालानंतर रजाही मिळत नाही आणि दाखलाही.

पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला, हा कागद देणार कोण? पदवी फक्त कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ किंवा तसा अधिकार असलेली संस्था देऊ शकते. बोगस विद्यापीठांची यादी अनुदान आयोग जाहीर करतो, ती पाहा. दुसरा, मान्यता कोणाची? तंत्रशिक्षणाला एआयसीटीई, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल. संस्थेचा माणूस तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका, मान्यतेचे पत्र मागा, त्यावरचे वर्ष वाचा. तिसरा, आपल्याला हव्या त्या नोकरीच्या जाहिरातीत हाच कागद लिहिला आहे का?

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक शाखेने मे ते जुलै दर रविवारी दोन तास युनियन ऑफिस यासाठी उघडे ठेवावे. भरतीच्या जुन्या जाहिरातींची फाईल टेबलावर असावी आणि शाखेतल्या शिकलेल्या मुलामुलींना तिथे बसवावे. शिक्षण भत्त्याचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म तिथेच भरून द्यावेत. खर्च काही नाही. आजच्या कार्यकारिणीत हा ठराव मी मांडतो आहे, आपण पाठिंबा द्यावा.

कामगार एकजूट झिंदाबाद!